दूतावासाकडे काय मागायचे, हे आधी कुणी सांगतच नाही

प्रति,
मा. संपादक

विषय : परदेशात अडचणीत सापडलेल्या नागरिकांना मिळणारी दूतावासाची मदत

महोदय,

परदेशात कुणाला अटक झाली, कुणाचा अपघाती मृत्यू झाला किंवा एखादे कुटुंब युद्धात अडकले, की वर्तमानपत्रांत दोन-चार दिवस बातम्या येतात आणि त्यांत एक वाक्य हमखास असते : ‘दूतावासाकडून काहीच मदत मिळाली नाही, असा नातेवाइकांचा आरोप आहे.’ हे वाक्य कधी पूर्ण खरे असते, कधी अर्धे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरातूनही हाच आरोप झाला होता आणि तो करणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होतो. आमची चूक नेमकी कुठे झाली हे मला फार उशिरा कळले. इतरांना ते वेळेत कळावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझा भाचा नोकरीनिमित्त परदेशात होता. देशाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रकरण केव्हाच मिटले आहे. एका रात्री त्याच्या गाडीची दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली, समोरचा चालक जखमी झाला आणि पोलिसांनी भाच्याला ताब्यात घेतले. पुढचे नऊ दिवस आम्हाला त्याचा ठावठिकाणा नव्हता. दहाव्या दिवशी त्याच्या सोबत राहणाऱ्या मुलाकडून खबर लागली, तेव्हा मी तडक दूतावासात फोन लावला. पलीकडच्या अधिकाऱ्याने नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक विचारून घेतला आणि शांतपणे सांगितले की अशा कुणाच्या अटकेची सूचना आमच्याकडे आलेलीच नाही. त्याच्या त्या शांतपणाचाच मला संताप आला. आपला नागरिक नऊ दिवस कोठडीत आहे आणि यांना पत्ताही नाही, मग हे कार्यालय तिथे उघडले कशासाठी, असे बरेच काही मी त्याला सुनावले.

भाचा परत आल्यावर त्याने आपल्या कागदांच्या पिशवीतून एक छापील पान काढून माझ्यासमोर ठेवले. त्यावर दोन चौकटी होत्या. पहिलीसमोर लिहिले होते, माझ्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला कळवावे. दुसरीसमोर, कळवू नये. वाणिज्य दूतावास म्हणजे परदेशातल्या आपल्या नागरिकांची कामे पाहणारे कार्यालय. दुसऱ्या चौकटीत निळ्या पेनाने खूण केलेली होती, खाली त्याची सही होती आणि सहीच्या शेजारी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांची नोंद होती. आपण कशावर सही करतो आहोत हे त्याला दुभाष्याने सांगितले होते. त्याने विचार करूनच नाही म्हटले होते. दूतावासाला कळले की घरी कळणार आणि घरी कळले की आई हाय खाणार, एवढाच त्याचा हिशेब होता. अनेक देशांचे वाणिज्य अधिकारी अटकेतल्या सज्ञान व्यक्तीच्या संमतीशिवाय तिच्या नातेवाइकांनाही काही सांगत नाहीत, हे त्याला ठाऊक नव्हते. खरे तर आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. पोलिसांनी त्यांचे कर्तव्य केले होते. दूतावासाला कळण्याचा मार्ग भाच्याने स्वतःच्या हाताने बंद केला होता आणि शिव्या मात्र फोनवरच्या माणसाने खाल्ल्या.

त्या एका कागदामागे केवढा इतिहास आहे, हे मी नंतर वाचले. वाणिज्य दूतावासांच्या कामकाजाचा पाया म्हणजे २४ एप्रिल १९६३ रोजी व्हिएन्ना येथे झालेला आंतरराष्ट्रीय करार. तो १९ मार्च १९६७ पासून अमलात आला आणि आज जगातले बहुतेक सर्व देश त्याला बांधलेले आहेत. त्यातले ३६ वे कलम अटकेसंबंधी आहे. परक्या देशात ताब्यात घेतलेल्या व्यक्तीने विनंती केली, तर तिथल्या यंत्रणेने विनाविलंब तिच्या वाणिज्य दूतावासाला कळवले पाहिजे, तिने दूतावासाला लिहिलेला मजकूर पोहोचवला पाहिजे आणि हे सारे तुझे हक्क आहेत, असे त्या व्यक्तीलाही विनाविलंब सांगितले पाहिजे. वाणिज्य अधिकाऱ्याला कोठडीत जाऊन भेटण्याचा, बोलण्याचा, पत्रव्यवहार करण्याचा आणि वकिलाची व्यवस्था करून देण्याचा अधिकार याच कलमाने दिला आहे. मात्र संबंधित व्यक्तीने स्पष्ट नकार दिला, तर अधिकाऱ्याने तिच्या वतीने काहीही करू नये, हेही तिथेच नोंदवलेले आहे. ‘विनंती केली तर’ या तीन शब्दांवर सगळी इमारत उभी आहे. काही देशांनी आपापसांत करार करून ही अट काढून टाकली आहे. अमेरिका आणि चीन यांच्यातील १९८० च्या वाणिज्य करारानुसार अटक झालेल्याची इच्छा असो वा नसो, चार दिवसांच्या आत कळवावेच लागते. परंतु अशी तरतूद सगळीकडे नाही, आणि जिथे नाही तिथे माणसाला तोंड उघडावे लागते.

तोंड उघडता येते हेच माहीत नसेल तर काय होते, याचे दाखले हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या दप्तरात आहेत. कार्ल आणि वॉल्टर लाग्रांड हे जर्मन नागरिक असलेले भाऊ लहानपणापासून अमेरिकेत वाढले होते. अ‍ॅरिझोनात १९८२ साली बँकेवरील दरोड्यात झालेल्या खुनासाठी त्यांना पकडले गेले. जर्मन वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क तुम्हाला आहे, हे त्यांना वेळेवर सांगितलेच गेले नाही. १९९९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोघांनाही मृत्युदंड देण्यात आला. वॉल्टरच्या वेळी तर न्यायालयाने शिक्षा थांबवण्याचा अंतरिम आदेश दिलेला होता, तो डावलून ती अमलात आली. २७ जून २००१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की ३६ वे कलम केवळ दोन सरकारांमधला व्यवहार ठरवत नाही, ते त्या माणसालाही हक्क देते. पुढे ३१ मार्च २००४ रोजी मेक्सिकोच्या दाव्यात ५१ मेक्सिकन नागरिकांच्या बाबतीत हाच भंग झाल्याचे ठरले आणि त्यांच्या खटल्यांचा व शिक्षांचा फेरविचार व्हावा, असे सांगण्यात आले. त्यानंतर अमेरिका २००५ साली अशा तंट्यांत न्यायालयाचा अधिकार मानण्याच्या पूरक करारातूनच बाहेर पडली आणि २००८ साली तिच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाची देशांतर्गत अंमलबजावणी आपोआप होत नाही असे ठरवले, तेव्हा कागदावरच्या हक्काची मर्यादाही जगाला दिसली.

मराठी वाचकाला यातले सर्वांत जवळचे प्रकरण कुलभूषण जाधव यांचे. त्याची चर्चा आपल्याकडे हेरगिरी खरी की खोटी या एकाच अंगाने इतकी झाली, की हेगच्या न्यायालयाने नेमके काय ठरवले ते बाजूला राहिले. पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार त्यांना ३ मार्च २०१६ रोजी ताब्यात घेतले गेले आणि भारताला कळवले गेले २५ मार्चला. सुमारे तीन आठवड्यांचा हा उशीर ‘विनाविलंब’ या शब्दात बसत नाही, हेरगिरीचा आरोप असलेल्यालाही ३६ वे कलम लागू होते आणि दोन देशांमधल्या २००८ च्या कराराने हा हक्क काढून घेता येत नाही, असे न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले. त्यांची सुटका करण्याचा आदेश मात्र न्यायालयाने दिला नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोपर्यंत मृत्युदंड स्थगित ठेवा, एवढेच ते म्हणाले. दूतावासाच्या संपर्काचा हक्क म्हणजे सुटकेचा हक्क नव्हे, ही गोष्ट याहून स्पष्टपणे कुठे दिसणार?

माझ्या भाच्याला भेटायला वाणिज्य अधिकारी अखेर गेला तो बाराव्या दिवशी, आमच्या फोननंतर भाच्याने मन बदलून विनंती केल्यावर. त्या भेटीची हकिकत मी त्याच्याकडून अनेकदा ऐकली आहे, कारण ती आमच्या कल्पनेपेक्षा अगदी वेगळी होती. अधिकाऱ्याने बसताक्षणीच सांगितले की मी तुझा वकील नाही, मला तुला सोडवता येणार नाही आणि तू दोषी आहेस की नाही हे मी विचारणारही नाही. मग त्याने विचारायला सुरुवात केली : मारहाण झाली का, झोपायला जागा आहे का, रोजची काही औषधे आहेत का, दुभाषा मिळाला का, न समजता कशावर सही केली आहे का? टकरीत भाच्याचा चष्मा फुटला होता आणि बारा दिवस तो समोर येणारा प्रत्येक कागद नाकापाशी धरून वाचत होता, हे त्या भेटीत निघाले. अधिकाऱ्याने तुरुंगाच्या कार्यालयात जाऊन ते नोंदवून घेतले आणि चार दिवसांत नवा चष्मा आला. जाताना त्याने स्थानिक वकिलांची एक यादी दिली. या यादीतील कुणाचीही दूतावास शिफारस करत नाही, अशी ओळ तिच्या तळाशी होती. पूर्वी ती वाचून मी म्हटले असते, पाहा, इथेही हात झटकले. आता वाटते की त्या माणसाने त्याच्या हातात होते ते सगळे केले आणि हातात नव्हते ते पहिल्याच मिनिटाला सांगून टाकले.

हातात नसण्याचे कारणही त्याच करारात आहे. ५५ वे कलम सांगते की दूतावासातल्या लोकांनी यजमान देशाचे कायदे पाळले पाहिजेत आणि त्या देशाच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करता कामा नये. त्यामुळे वाणिज्यदूत न्यायाधीशाला फोन करू शकत नाही, पोलिसांना तपास थांबवायला सांगू शकत नाही आणि आपल्या देशात जो गुन्हाच नाही त्यासाठी तिथे अटक कशी केली, असा जाबही विचारू शकत नाही. स्थानिक कैद्यांपेक्षा वाईट वागणूक मिळत असेल तर तो तक्रार करू शकतो; त्यांच्याहून चांगली वागणूक मागू शकत नाही. आपल्या मनात मात्र अजून १८५० सालचे चित्र असते. डेव्हिड पॅसिफिको नावाच्या, जिब्राल्टरमध्ये जन्मलेल्या आणि म्हणून ब्रिटिश प्रजाजन ठरलेल्या व्यापाऱ्याचे अथेन्समधले घर जमावाने लुटले, म्हणून ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री पामर्स्टन याने ग्रीसच्या बंदराची आरमाराने नाकेबंदी केली होती. असे आरमार ज्यांच्याकडे होते त्यांच्या नागरिकांना ते फार सोयीचे होते. बाकीच्या जगाने त्याची किंमत मोजली आहे, आणि १९६३ चा करार हा त्या जमान्यावरचा उतारा आहे, हे आपण विसरू नये.

आता दुसरी, थोडी कडू बाजू. करारामुळे बांधला जातो तो अटक करणारा देश. आपल्या स्वतःच्या देशाने आपल्याला मदत केलीच पाहिजे, असे त्या करारात कुठेही म्हटलेले नाही. वाणिज्य अधिकाऱ्याला भेटीला जाण्याचा ‘अधिकार’ आहे, ‘बंधन’ नाही. नागरिकाला काय द्यायचे हे प्रत्येक देश आपल्या कायद्याने किंवा धोरणाने ठरवतो. जर्मनीने १९७४ साली वाणिज्य अधिकाऱ्यांचा कायदा करून संकटात सापडलेल्या नागरिकाला मदत करणे हे कर्तव्य ठरवले, आणि दिलेले पैसे नंतर परत करण्याचे बंधनही त्याच कायद्यात घातले. ब्रिटनचे सरकार उलट स्पष्ट सांगते की अशा मदतीवर कायदेशीर हक्क नाही, ती सरकारच्या विवेकाधीन आहे. दोन्ही भूमिकांवर वाद घालता येईल. पण निदान त्या छापलेल्या आहेत. आपल्याला कितपत आधार आहे, हे विमानात बसण्यापूर्वी नागरिकाला वाचता येते.

पैशांबाबतही असाच गैरसमज आहे. दूतावास म्हणजे परदेशात उघडलेला मदतनिधी, अशी अनेकांची समजूत असते. रुग्णालयाचे बिल, वकिलाची फी, दंडाची रक्कम किंवा चोरीला गेलेल्या सामानाची भरपाई दूतावासाने भरावी, अशी अपेक्षा जवळपास कुठेच पूर्ण होत नाही. फार तर घरच्यांकडून पैसे मागवण्याचा मार्ग खुला करून दिला जातो, किंवा अगदी निराधार झालेल्याला परतीपुरते कर्ज मिळते. युद्धातून किंवा आपत्तीतून नागरिकांना बाहेर काढणे हेसुद्धा सरकारचा निर्णय असतो. इराकने १९९० मध्ये कुवेत व्यापल्यावर भारताने एक लाख सत्तर हजारांहून अधिक लोकांना विमानांनी परत आणले, त्याचा सार्थ अभिमान आपल्याला आहे. पण तसे घडले म्हणून ते प्रत्येक वेळी घडेलच असे नाही. अमेरिकेत तर अशा सुटकेच्या विमानात बसताना नागरिकाकडून प्रवासखर्च परत करण्याच्या वचनचिठ्ठीवर सही घेतली जाते. हे ऐकून निर्दयपणा वाटतो खरा. परंतु धोक्याची सूचना आल्यावर स्वखर्चाने आधीच निघालेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, की तितका वाटत नाही.

रोजच्या कामाची कुणी बातमी करत नाही, पण दूतावासाच्या खिडकीवरची गर्दी त्याच कामांसाठी असते : पासपोर्टचे नूतनीकरण, मुलाच्या जन्माची नोंद, मुखत्यारपत्रावरची साक्षांकित सही. मी स्वतः त्या रांगेत उभा राहिलो तो पासपोर्ट हरवला म्हणून. पोलिसांत तक्रार दिली, तिची प्रत आणि दोन छायाचित्रे दूतावासात दिली आणि दुसऱ्या दिवशी मायदेशी परतण्यापुरता, एकाच प्रवासाचा आपत्कालीन दाखला हातात पडला. त्याच संध्याकाळी बॅगेच्या फाटलेल्या अस्तरात पासपोर्ट सापडला. आनंदाने तो घेऊन मी पुन्हा खिडकीवर गेलो, तर समोरच्या बाईंनी तो माझ्या हातातून घेतला, रद्द असा शिक्का मारला आणि कोपरा कापून परत दिला. हरवल्याची नोंद झालेला पासपोर्ट इंटरपोलच्या २००२ पासून चालणाऱ्या यादीत जातो आणि सीमेवर तो चोरीचाच समजला जातो, सापडला म्हणून तो पुन्हा जिवंत होत नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. शिवाय आपत्कालीन दाखल्यावर वाटेतला प्रत्येक देश विमान बदलू देतोच असे नाही, तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्या, हेही त्यांनीच सांगितले. त्यांनी ते सांगितले नसते तर मी वाटेतल्या एखाद्या विमानतळावर बसून आणखी एक संतप्त पत्र लिहिले असते.

मृत्यूचा प्रसंग याहून अवघड. करारातले ३७ वे कलम म्हणते की परदेशी नागरिकाच्या मृत्यूची माहिती मिळाल्यावर तिथल्या यंत्रणेने ती वाणिज्य दूतावासाला विनाविलंब द्यावी. इथे विनंतीची अट नाही. पण त्यानंतर पार्थिव आणण्यासाठी लागणारे कागद वेगवेगळ्या कार्यालयांतून येतात : स्थानिक मृत्यूचा दाखला, शरीर टिकवण्यासाठी केलेल्या प्रक्रियेचे प्रमाणपत्र, संसर्गजन्य रोग नसल्याचा वैद्यकीय दाखला, मृताचा रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाचे अनुमतिपत्र. मृत्यू संशयास्पद असेल तर शवविच्छेदन पूर्ण झाल्याशिवाय शव सोडले जात नाही, आणि ते लवकर उरका असे सांगण्याचा अधिकार वाणिज्यदूताला नसतो. कुटुंबाला मात्र हा सगळा विलंब दूतावासाचाच वाटतो, कारण बोलायला तेवढे एकच तोंड समोर असते. युरोपातल्या अनेक देशांनी १९७३ साली स्ट्रासबर्ग येथे करार करून यातले बरेच कागद एका प्रवासपत्रात आणले. मेलेल्या माणसालाही शेवटी पासपोर्टासारखे काही लागतेच. अस्थींसाठी मात्र तो करार लागू नाही, त्यामुळे तिथेच अंत्यसंस्कार करून अस्थी आणणे हा कित्येकदा सोपा मार्ग ठरतो. हे कुटुंबाला पहिल्याच फोनवर, हळुवारपणे पण स्पष्ट, सांगितले गेले पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात सांगून काय उपयोग?

ज्यांच्याकडे दोन देशांचे नागरिकत्व आहे त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यातल्या एका देशात असताना दुसरा देश त्यांच्यासाठी फारसे काही करू शकत नाही. १९३० च्या हेग कराराच्या चौथ्या कलमापासून हे तत्त्व चालत आलेले आहे, आणि कितीतरी देश अशा व्यक्तीला आपलाच नागरिक मानून परक्या वाणिज्यदूताला भेटूच देत नाहीत. कोणत्या पासपोर्टावर सीमा ओलांडायची, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका किरकोळ नाही.

आपला दूतावासच नसलेल्या देशात गेलेल्याने काय करायचे? युरोपीय संघातला नागरिक अशा ठिकाणी संघातल्या दुसऱ्या कुठल्याही देशाच्या दूतावासात जाऊ शकतो आणि त्याला तिथल्या नागरिकासारखीच वागणूक द्यावी लागते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांनी १९८६ पासून एकमेकांच्या नागरिकांना काही ठिकाणी अशीच मदत वाटून घेतली आहे. इराणमध्ये अमेरिकेचे हितसंबंध १९८० पासून स्वित्झर्लंड पाहतो. शिवाय मानद वाणिज्यदूत असतात. ते बहुधा त्याच देशात राहणारे, आपला उद्योग सांभाळून हे काम करणारे असतात. प्राचीन ग्रीक नगरांतही स्थानिक माणूसच दुसऱ्या नगराच्या लोकांची पाठराखण करत असे. अशा मानद वाणिज्यदूताला पासपोर्ट देण्याचा अधिकार बहुतेकदा नसतो, पण रुग्णालयाचा दरवाजा कुठे आहे आणि पोलीस ठाण्यात कुणाशी बोलायचे, हे त्याला राजधानीत बसलेल्या राजदूतापेक्षा अधिक ठाऊक असते.

इतके सगळे लिहून दूतावासांची वकिली करावी, असा माझा हेतू नाही. न उचललेले फोन, एकमेकांकडे टोलवलेली माणसे आणि सुट्टीच्या दिवशी बंद असलेली खिडकी या तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्या झाल्याच पाहिजेत. पण त्या नेमक्या व्हाव्यात. अटकेची सूचना मिळाल्यापासून किती दिवसांत अधिकारी भेटायला जाईल, मृताच्या कुटुंबाला एकच ठराविक माणूस उत्तर देईल का, रात्रीच्या आपत्कालीन फोनवर माणूस असतो की यंत्र, या प्रश्नांना सरकारने आकड्यांत उत्तरे द्यावीत आणि ती जाहीर करावीत. ‘शक्य ती सर्व मदत केली जात आहे’ या वाक्याने कुणाचेच समाधान होत नाही आणि त्याची तपासणीही करता येत नाही. आपल्या वार्ताहरांनीही अशी बातमी देताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : दूतावासाला कोणत्या तारखेला कळवले गेले, आणि अटक झालेल्याने स्वतः संपर्काची विनंती केली होती का? या दोन उत्तरांवरून दोष पोलिसांचा, दूतावासाचा की, आमच्यासारखा, घरातल्याच अज्ञानाचा, हे वाचकाला कळेल.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. ३६ वे कलम दोन्ही बाजूंनी चालते. परदेशी पर्यटक, विद्यार्थी किंवा कामगार आपल्याकडे पकडला गेला, की त्याला हाच हक्क त्याच्या भाषेत सांगणे ही आपल्या पोलिसांची जबाबदारी ठरते. तो सांगितला गेला नाही, तर उद्या आपला माणूस दुसरीकडे पकडला गेल्यावर कुठल्या तोंडाने तो हक्क मागणार? ठाण्याच्या भिंतीवर इतक्या सूचना लावलेल्या असतात, त्यांत ही एक असायला हरकत नाही.

सरकारला माझी सूचना लहान आहे. नवा पासपोर्ट हाती देताना त्यासोबत एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर दूतावास काय करू शकतो आणि काय करू शकत नाही ते चार-पाच सरळ वाक्यांत असावे, आणि ठळक अक्षरांत एक वाक्य असावे, जे ज्या देशात जायचे तिथल्या भाषेत पाठ करून जाता येईल. भाच्याने आता ते पाच भाषांत लिहून पासपोर्टाच्या वेष्टनात घातले आहे, त्या खूण केलेल्या कागदाची झेरॉक्सही तिथेच आहे. जागा असेल तर ते वाक्य आपणही छापावे, ही विनंती : ‘माझ्या अटकेची खबर माझ्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला द्यावी, आणि दुभाषा येईपर्यंत मी कोणत्याही कागदावर सही करणार नाही.’

आपला,
एक वाचक